येळवशीच्या वाटेवर टायरची पारख

मार्गशीर्ष वद्य चतुर्दशी. लातूर, सकाळ, ऊन अंगणात यायच्या आत.

हजर: मी, वंदना, मुलींच्या वसतिगृहाची रेक्टर. माझे यजमान दिलीप, पाटबंधारे खात्यात, निवृत्ती उन्हाळ्यात. आणि गाडी, म्हणजे मोटरसायकल. उदगीरला सामील होणार: बसवराजआप्पा, दिलीपचे कॉलेजपासूनचे मित्र, ज्यांच्याकडे अगदी हिच्यासारखीच गाडी आहे. गैरहजर: पाऊस. ही शेवटची नोंद सगळ्यात महत्त्वाची होती.

आधी गाडीबद्दल सांगते, म्हणजे पुढचं समजेल. ती उंच आहे, पुढचं चाक मोठं आहे, आणि डांबर संपल्यावरही ती चालते असं तिच्याबद्दल म्हणतात. म्हणून तिला टायरही दोन्हीकडचे लागतात. या टायरांत दोन मुख्य जाती. एक ऐंशी-वीस, म्हणजे ऐंशी भाग डांबर आणि वीस भाग कच्चा रस्ता धरून केलेला. याची नक्षी उथळ, रबर जवळजवळ सलग. दुसरा पन्नास-पन्नास, म्हणजे रबराचे सुटे ठोकळे आणि मधे बोट जाईल एवढ्या फटी. याला आपल्याकडचे टायरवाले बटण टायर म्हणतात. आमच्या गाडीचे टायर पहिल्या जातीचे होते आणि बरेच झिजले होते. नवे घ्यायचे होते. कोणते, हा प्रश्न होता.

निदान दिलीप तरी तसं म्हणत होते. खरा प्रश्न असा की भाद्रपदात, उदगीरजवळच्या आमच्या शेताच्या वाटेवर, आम्ही दोघं ओल्या काळ्या मातीत पडलो. त्यांचा घोटा मोडला. मला खरचटलंसुद्धा नाही, पण पुढचं चाक निघून जातानाचा तो एक क्षण माझ्या पोटात राहून गेला. त्यानंतर मी गाडीवर बसले नव्हते. निवृत्तीनंतर हिमालयात, स्पितीला जायचं दिलीपच्या मनात कितीतरी वर्षं आहे. प्लास्टर निघालं त्या दिवशी ते म्हणाले, दोघं जाणार असू तर जाऊ, नाहीतर गाडी देऊन टाकू, बसवराजच्या ओळखीत गिऱ्हाईक आहे. रागाने नाही म्हणाले. भाजी कोणती आणू, असं विचारावं तशा आवाजात म्हणाले. म्हणून मला जास्त लागलं.

माझ्या न बसण्याला ते टायरचा प्रश्न समजत होते. मी समजू देत होते, कारण टायरवर बोलता येतं.

तर दोन्ही जातींवर बसून बघायचं आणि मग ठरवायचं, ही कल्पना माझी. वसतिगृहासाठी गाद्या घेतानाही मी दुकानात आधी आडवी होऊन बघते. आप्पांच्या गाडीला बटण टायर आहेत. लातूर ते उदगीर आमच्या गाडीवर, तिथे गाड्यांची अदलाबदल, मग उदगीरहून नांदेडमार्गे हिमायतनगरला माझ्या नणंदेकडे आणि परत. आल्यावर मी बसणार की नाही ते सांगायचं. येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, मुली आपापल्या गावी जातात, वसतिगृह रिकामं असतं. रजा तेव्हाच सोपी. आमच्या शेतातली पूजा यंदा वाटेकरी करणार होता.

उदगीरपर्यंत

पहिले काही किलोमीटर मी दिलीपच्या जॅकेटची शिवण सोडून काही पाहिलं नाही. गुडघे इतके आवळले होते की नळेगावला चहाला उतरले तर पाय उघडेनात. जुन्या टायरांना आवाज जवळजवळ नाही. काँक्रीटवरून ते नुसते सरकतात, त्यामुळे दिलीपचं बोलणं मला स्पष्ट ऐकू येत होतं. पाटबंधारेवाला माणूस, वाटेत ओढा आला की त्याचा उगम सांगणार. मी हुंकार देत होते आणि डोळे रस्त्यावर ठेवून होते. उसाच्या ट्रॅक्टरमागे पाणी सांडल्याचा एक पट्टा आला. ओला, काळा, चार हात लांब. मी दिलीपचं जॅकेट दोन्ही मुठींत धरलं. गाडी त्यावरून गेली आणि काहीही झालं नाही, पण मुठींना ते कोण सांगणार.

मग नळेगावच्या पुढे तुरी लागल्या. शेंगांनी वाकलेल्या, पिकायच्या जरा अलीकडच्या. मधूनच करडईचे काटेरी निळसर पट्टे, हरभऱ्यावर अजून न वाळलेलं दव. थंडीतलं ऊन अंगावर पडत होतं पण लागत नव्हतं. मी एकदा डावीकडे बघितलं, आणि थोड्या वेळाने उजवीकडे.

उदगीरला आप्पांच्या दारात पोचलो तेव्हा आख्खी गल्ली वाफेत होती. उद्याची तयारी. प्रत्येक चुलीवर उंडे, म्हणजे बाजरीच्या पिठाचे वाफवलेले गोळे, प्रत्येक दारात शेंगांच्या ओल्या टरफलांचा ढीग. आप्पांची अडत आहे, पण त्या दिवशी तेही परातीत वाटाणे सोलत बसले होते.

“बर्री, बर्री,” ते कानडीत या या म्हणत उठले. “वैनी, बसून आलाव की ढकलत आलाव?”

“बसून.”

“मग ह्याचं तोंड असं का?” दिलीपकडे बोट. “दिल्या, हाड जुळलं, आता बायकोचं मन जुळवायला माझी गाडी नेतूस व्हय? माझ्या टायरांत एवढी ताकद हाय हे मला म्हाईत असतं तर मी घरी वापरले असते.”

आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला, “ऐकायलाव मी.”

“ऐकू दे म्हणूनच बोलायलाव.”

येळवस

लातूर-उदगीरच्या बाहेरच्या वाचकांसाठी: वेळ अमावस्येला आम्ही येळवस म्हणतो. त्या दिवशी शहर रिकामं होतं. दुकानं बंद, रस्ते ओस, आणि ज्याला शेत आहे तो शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या शेतात. कडब्याची खोप करून तिच्यावर शाल पांघरतात, आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पाच पांडव. नैवेद्याला भज्जी, म्हणजे तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे आणि मिळतील त्या भाज्या बेसनात शिजवून केलेली दाट भाजी. सोबत उंडे, शेंगदाण्याच्या कुटाची शेंगापोळी, खीर. आणि अंबील, ताकात ज्वारीचं पीठ शिजवून मडक्यात आंबवलेली, लसणाच्या वासाची, गार. ती अंबील पिकावर शिंपडत घरचा माणूस कानडी-मराठी मिसळलेला पुकारा करत शेताला फेरी घालतो. आणि नियम असा की त्या दिवशी वाटेने जाणाऱ्या माणसाला जेवल्याशिवाय सोडायचं नाही.

माझ्या वेळापत्रकात उदगीर ते नांदेडचा वेळ लिहिला होता. जेवणाचा नव्हता. आयुष्यभर येळवस केलेल्या बाईने येळवशीच्या दिवशी शेतांमधून जाणाऱ्या रस्त्याचा वेळ असा धरावा, याचं मला अजून नवल वाटतं.

रात्री आप्पांकडेच राहिलो. दुसऱ्या दिवशी पहिलं जेवण त्यांच्या शेतात, पूजा झाल्यावर. आप्पांच्या बायकोने निघताना बटण टायरांवरही हळदकुंकू वाहिलं आणि अंबिलीचे शिंतोडे टाकले. रबराच्या फटींत कुंकू भरलं.

निघालो. बटण टायरांचा पहिला गुण तेव्हाच कळला. ते गातात. पक्क्या रस्त्यावर प्रत्येक ठोकळा वेगळा आपटतो आणि ते सगळे मिळून एक सूर धरतात. हळू असताना घशातला, वेग वाढला की नाकातला. पायाखालच्या दांड्यांतून तो पोटऱ्यांत चढतो. दिलीप काहीतरी ओढ्याबद्दल बोलत होते, मला फक्त हातवारे दिसले. मी मनात लिहिलं: बटण टायर, तोटा पहिला, बोलणं ऐकू येत नाही. जरा वेळाने त्याच्यापुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

जळकोटच्या पुढे एक बाई रस्त्याच्या मधोमध उभी होती. हात आडवा, पदर खोचलेला, पोलिसासारखी. दिलीपनी गाडी थांबवली.

“कुठं निघालाव?”

“नांदेडला.”

“नांदेड कुठं पळून चाललंय? उतरा.”

मी म्हटलं, “मावशी, आत्ताच जेवून निघालोय.”

“कुणाच्या रानात?”

“उदगीरला, मित्राच्या.”

“मग ते उदगीरचं झालं. हितलं कुठं झालं?”

आम्ही उतरलो. तिच्या शेतात दहा-बारा माणसं तुरीच्या सावलीत पंगत करून बसली होती. बायांनी माझं वरपासून खालपर्यंत निरीक्षण केलं. कुडता, सलवार, बूट, हातात हेल्मेट.

“बाई, तुम्ही गडीमाणसावानी दोन्हीकडं पाय टाकून बसलाव की.”

“हाव.”

“बरं हाय. एकीकडं बसलं की निम्मं लक्ष पदराकडं, निम्मं पडण्याकडं.” मग भज्जी वाढता वाढता, “पडलाव का कधी?”

मी दिलीपकडे बघितलं. ते उंडा कुस्करण्यात गुंतले होते, फार जास्त गुंतले होते.

“एकदा,” मी म्हटलं.

“एकदाच ना,” ती म्हणाली आणि अंबिलीचा तांब्या माझ्या हातात दिला. “घ्या. उन्हात बरं असतंय.”

त्यानंतर अजून एका शेतात थांबलो. तिथे नुसती अंबील आणि खीर घेतली, पण नुसती म्हणजे किती ते येळवस केलेल्यांना माहीत आहे. मी आमच्या डब्यातल्या शेंगापोळ्या काढून दिल्या, त्यांनी त्यांच्या आमच्या डब्यात घातल्या. डबा जेवढा होता तेवढाच जड राहिला.

आता जे सांगायचं ते कंधारच्या अलीकडचं. दुपार कलली होती. रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी नाही, कारण सगळा मुलूख शेतात बसलेला. दोन्ही बाजूंना खोपी, त्यांच्यावर लाल, हिरव्या, गुलाबी शाली. कुठे धूर सरळ वर जातोय, कुठे झाडाला बांधलेल्या झोक्यात कोणीतरी हळू येतंजातंय. आवाज एकच, टायरचा. ऊन पाठीवर शालीसारखं पसरलेलं. मला आठवतं की मी माणसं बघत होते. मग त्या माणसांत माझ्या वसतिगृहातल्या मुली दिसायला लागल्या. केस मोकळे सोडून, वह्या बाजूला टाकून त्या हरभरा सोलत बसल्या होत्या, आणि मी त्यांना अभ्यासाला उठवायचं सोडून गाडीवरून नुसती जात होते. एक म्हणाली, मॅडम, आज हजेरी नाही का? मी म्हटलं, आज सगळे हजर आहेत. माझी जाऊबाई होती, माझे वडील होते, बैलाला अंबील पाजत होते. त्यांना बैल नव्हता कधी, ते पोस्टात होते. पण ते इतकं बरोबर वाटत होतं. शेतं आमच्याबरोबर चालत होती, मागे पडत नव्हती. आणि खालून कोणीतरी एकच सूर धरून ठेवला होता, सगळं त्यावर तरंगावं म्हणून.

मग सूर थांबला होता, आणि मला ते बऱ्याच वेळाने कळलं.

गाडी उभी होती. इंजिन बंद. एका कडुलिंबाच्या सावलीत, रस्त्याच्या कडेला. माझं हेल्मेट दिलीपच्या पाठीवर टेकलेलं, आणि माझे दोन्ही हात त्यांच्या पोटाशी त्यांनी एका हाताने धरून ठेवलेले. दोन्ही पाय जमिनीवर रोवून ते गाडी तोलून उभे होते. मागे वळले नाहीत. उजवा पाय, मोडलेल्या घोट्याचा, बारीक थरथरत होता.

“अहो, का थांबलो?”

“झोपलीस.”

“कधीपासून?”

“हेल्मेट टेकलं तेव्हा कळलं. मग हळूच बाजूला घेतली.”

“उठवायचं की. पाय बघा तुमचा.”

“गाडी आडवी झाली असती तर उठवलंच असतं.”

मी उतरले. त्यांनी गाडी स्टँडला लावली आणि दोन पावलं लंगडत जाऊन लिंबाला टेकले. पन्नाशी उलटलेल्या बाईने हायवेला गाडीवर झोपावं, हे माझ्या कुठल्याच नियमात बसत नव्हतं. मागे बसणाऱ्याने झोपणं हा शुद्ध धोका आहे, आणि मी तो आयुष्यात कोणाला पत्करू दिला नसता. पण जिने आदल्या दिवशी ओला पट्टा दिसताच जॅकेट मुठींत धरलं होतं, तीच मी होते. त्याबद्दल काहीतरी बोलणं भाग होतं.

“अंबील होती ती,” मी म्हटलं. “तीन ठिकाणची.”

“मी काही म्हणालो का?”

“म्हणायच्या आधी सांगतेय.”

“अंबीलच होती,” ते म्हणाले, आणि लिंबाच्या फांद्यांकडे बघत राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते त्यांना लपवता येत नव्हतं, म्हणून मीही वरच बघितलं.

पुन्हा झोप लागू नये म्हणून कंधारपर्यंत मी तोंडात लवंग धरली. अंधार पडता पडता आजूबाजूच्या शेतांत कडब्याच्या पेंढ्या पेटल्या, त्या घेऊन माणसं शेताभोवती पळत होती. लांबून नुसते ठिपके, वाकड्यातिकड्या रेषेत फिरणारे. दिलीपनी वेग कमी केला. सूर घशात उतरला. मी पूर्ण जागी होते, तरी तो मघाचाच वाटला.

नांदेड

सकाळी टायरचं दुकान. दोन्ही जातींचे टायर शेजारीशेजारी टांगलेले. दुकानदार चाचांनी आमच्याकडे आणि खाली उभ्या गाडीकडे बघून निकाल आधीच दिला.

“बटणच घ्या साहेब. रुबाब बघा. गल्लीत उभी केली की लोक विचारतात, लद्दाख जाके आए क्या?”

“जायच्या आधीच विचारतात?” मी म्हटलं.

“भाभी, जाने से पहले ज्यादा पूछते. आल्यावर कोण विचारतंय.”

मी माझे प्रश्न विचारले. ओल्या डांबरावर ब्रेक मारला तर कोण लवकर थांबतं? साधा, ते म्हणाले, कारण रबर जास्त टेकतं. झिजतं कोण लवकर? बटण. गिट्टीवर, वाळूवर कोण धरतं? बटण. आवाज? चाचांनी बटण टायरवर थाप मारली. “इसका तो गाना है. काहींना आवडतंय, काहींना नाही.”

“हिला आवडतंय,” दिलीप म्हणाले.

“मी असं कुठे म्हटलं?”

परत येताना सांगतो असं सांगून निघालो.

हिमायतनगर

भोकरच्या पुढे मुलूख बदलतो. सपाट काळं रान उठून टेकड्या होतं, सागाची मोठी पानं वाळून रस्त्याकडेला पडलेली असतात, आणि त्यांच्यावरून टायर गेला की चुरचुर होते. उताराला थंडी वाटली, चढाला ऊन. मी दोन्हीकडे बघत होते. गुडघे आवळलेले नाहीत हे मला एका वळणावर अचानक लक्षात आलं, आणि मग ते मुद्दाम तसेच ठेवायला मला जरा प्रयत्न करावा लागला.

नणंद शोभाताई तालुक्याच्या गावापासून थोड्या अंतरावर शेतातच राहतात. वाटेतून फोन केला तेव्हा मी सवयीने विचारलं, काल येळवस कशी झाली? त्या हसल्या. “येळवस तुमच्याकडं, वैनी. आम्ही काल दिवसभर कापूस वेचून राहिलो होतो. या तुम्ही, रस्ता सापडतो ना?”

रस्ता सापडला. शेवटचा तुकडा दिसला आणि मी दिलीपच्या खांद्यावर हात ठेवला. रात्री हरभऱ्याला पाणी सोडलं होतं आणि मोटर चालूच राहिली होती. पाणी बांध ओलांडून वाटेवर आलेलं. काळी माती, ओली, चकाकणारी. परवाच्या ओल्या पट्ट्यासारखी चार हात नव्हे, पार घरापर्यंत. भाद्रपदातलीच वाट जणू इथे आणून ठेवली होती.

दिलीपनी गाडी थांबवली. इंजिन चालू. “बटण आहेत,” ते म्हणाले. मागे न वळता. “बसतेस?”

पलीकडच्या टोकाला शोभाताई उभ्या होत्या. हाताने खूण करत ओरडल्या, “वैनी, उतरा. चप्पल हातात घ्या, बांधावरून या. तो येईल.”

त्यांच्या आवाजात भीती नव्हती, घाईही नव्हती. पाहुणीला हात धुवायला न्हाणीकडे या म्हणावं तसा आवाज. आणि मला माझ्या माहेरचं आठवलं, की ओल्या रानाची वाट लागली की बायका कोणी न सांगता सायकलवरून, बैलगाडीवरून, बजाज स्कूटरवरून उतरायच्या, चपला हातात घ्यायच्या, बांधावरून गप्पा मारत जायच्या, आणि गडी आपला गाडीशी झटत मागून यायचा. चिखलात कोणी ओझं घालून जात नाही. लातूरच्या काँक्रीटवर राहून आम्ही दोघंही ते विसरून गेलो होतो. भाद्रपदात मला उतरायचं सुचलं नाही, आणि त्यांना सांगायचं.

मी उतरले. बूट काढले, मोजे आत कोंबले, बांधावर चढले. गवत गार होतं.

दिलीप निघाले. बटण टायरांनी सुरुवातीला झकास धरलं. मग फटींत माती शिरली, तिच्यावर दुसरी बसली, आणि बघता बघता ठोकळे दिसेनासे झाले, टायर लाडवासारखा गोल आणि गुळगुळीत झाला. मग माती मडगार्डखाली दाटली आणि पुढचं चाक फिरायचंच थांबलं. गाडी पडली नाही. मधोमध रुतून उभी राहिली, दिलीप तिच्यावर, दोन्ही पाय चिखलात, राजासारखे.

“आला नाही का तो?” शोभाताईंनी विचारलं.

“आलाय,” मी म्हटलं, “पण तिथेच.”

शोभाताईंनी तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, जुडी माझ्याकडे दिली. बांधावरून हात लांब करून मी एक तुराटी दिलीपना दिली, एक मी घेतली. ते मडगार्डमधून माती उकरायला लागले, मी बांधावर बसून पुढच्या टायरच्या फटी साफ करायला लागले. फटीच्या तळाशी थोडं कुंकू अजून होतं. कोणीच घाई करत नव्हतं. पलीकडे कापसाच्या रानात बायका वेचत पुढे सरकत होत्या, वाकलेल्या, कमरेला ओटी भरलेली. त्यांच्याकडे बघत राहिलं की त्या सरकताहेत की रान मागे जातंय ते कळत नव्हतं.

“काळ्या मातीत कोणताच टायर चालत नाही,” दिलीप म्हणाले. आवाज पडलेला. त्यांनी या बटणांवर बरंच काही टेकवलं होतं, ते मला दिसत होतं.

“बरोबर,” मी म्हटलं. “तिकडे वर स्पितीत असे पट्टे आले की मी उतरणार.”

“हं.” ते उकरत राहिले. मग हात थांबला. “म्हणजे?”

“म्हणजे उतरणार.”

“वंदना.”

“उतरायला आधी बसावं लागतं,” मी म्हटलं. “ती बाजूची माती राहिलीय, ती काढा.”

त्यांनी ती काढली. खूप वेळ काढत राहिले, तिथे काही उरलेलं नसताना. शोभाताईंनी लांबून विचारलं, “झालं का? का जेवण तिकडंच आणू?”

संध्याकाळी गरम पाण्याने पाय धुऊन भाकरी, वांग्याची भाजी आणि जवसाची चटणी. शोभाताई भावाला म्हणाल्या, “हसून कशाला राहिला रे मघापासून? गाडी रुतल्यावर हसणारा पहिलाच माणूस बघून राहिले मी.”

परत

टायर मग पटकन ठरला. चिखलात मी बसणारच नसेन, तर चिखलासाठी टायर घ्यायचा कशाला? मी बसलेली असणार डांबरावर, गिट्टीवर, ओल्या घाटात. तिथे ब्रेक लागला पाहिजे. मागचा ऐंशी-वीस घ्यायचा, हे माझं. पुढच्यासाठी आप्पांना फोन केला. ते म्हणाले, “पुढचं चाक वाट बघतंय, मागचं वझं वाहतंय. पुढं बटण टाक, मागं साधा. लई जण तसंच करायलेत.” म्हणजे गाणंही निम्मं राहील, दिलीप म्हणाले. नांदेडला चाचांना दोन जातींचा एकेक सांगितला, तेव्हा ते खरंच हळहळले. “आधा रुबाब, भाभी.”

उदगीरला गाड्यांची अदलाबदल झाली. आप्पांनी आपल्या गाडीच्या मडगार्डमधली सुकलेली माती बघितली, आमच्याकडे बघितलं, आणि फोन काढून गाडीच्या गिऱ्हाइकाला आमच्यासमोरच नकार कळवला. “सांगितलं, मालकीणबाई विकत न्हाईत,” ते म्हणाले. जुन्या, मुक्या टायरांवरून लातूरला येताना दिलीपनी सगळे ओढे पुन्हा पहिल्यापासून सांगितले.

आता लातूर. दोन्ही टायर आले, बसले, हवा कमीजास्त करून झाली. एक काम मात्र अजून झालेलं नाही. कंधारजवळचा प्रकार पुन्हा होऊ द्यायचा नाही, पण झालाच तर मागे टेकायला काहीतरी हवं, म्हणून सीटमागे लोखंडी पाठ बसवायची ठरली. औद्योगिक वसाहतीतल्या वेल्डरकडे दिलीप दोनदा जाऊन आले. एकदा टेप घेऊन, एकदा माझी उशी घेऊन. दोन्ही वेळा त्याने परत पाठवलं. उंची अंदाजाने धरत नाही म्हणाला, मागं बसणारं माणूस आणा, गाडीवर बसवून माप घेतो.

ते माणूस मी. आठवडाभर मुलींच्या चाचण्या आहेत, मग स्वयंपाकघराची तपासणी, रविवारी पालक. आज सकाळी वेल्डरचा पुन्हा फोन आला. लोखंड कापून ठेवलंय, म्हणाला, माप तेवढं राहिलंय.